कॅम्पिंगला नेलेली बीअर गार ठेवायची तर बर्फाचा हिशेब

पवनेच्या काठी तंबू ठोकायचे असोत की मे अखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं असो, बहुतेक ग्रुप बीअरची सोय एकाच पद्धतीने करतात. वाटेत वाईन शॉपमधून बाटल्या घ्यायच्या, पुढे मिळेल तिथून बर्फ घ्यायचा आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात भरायचं. संध्याकाळपर्यंत बर्फाचं पाणी होतं, बीअर कोमट लागते आणि दोष खोक्यावर जातो. खरी चूक बर्फाला नको ते काम देण्यात आहे. बीअर गार करायचं काम घरच्या फ्रीजचं. बर्फाने फक्त तो गारवा टिकवायचा.

हे आकड्यांत बघितलं की पटतं. 650 मिलीची काचेची बाटली 32 अंशांवरून 5 अंशांवर आणायला साधारण 80 ते 85 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातले दहा-अकरा किलोज्यूल नुसत्या काचेचे. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल शोषतो. म्हणजे एका कोमट बाटलीमागे पाव किलो बर्फ गेला. डझनभर बाटल्या कोमट भरल्या तर पहिल्या तासा-दोन तासांत तीन किलो बर्फ संपतो, तोही तुम्ही अजून घाट चढत असताना. 500 मिलीच्या कॅनला 160-170 ग्रॅम बर्फ पुरतो, कारण कॅनच्या पत्र्याला वजनच नसतं.

दुसरा खर्च खोक्याच्या भिंतींमधून होतो. बाहेरून 50 बाय 35 बाय 35 सेंटिमीटरचं, अडीच सेंटिमीटर जाडीचं थर्माकोलचं खोकं घ्या. बाहेर 30 अंश असताना त्यातून तासाला पाव ते एक तृतीयांश किलो बर्फ वितळतो. दिवसाचे सहा ते आठ किलो झाले. भिंत पाच सेंटिमीटर जाड असेल तर हा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून खोकं विकत घेताना लिटर बघण्याआधी भिंतीची जाडी बघा, आणि झाकणाची तर नक्कीच बघा. बऱ्याच स्वस्त प्लॅस्टिक आइसबॉक्सच्या भिंतीत फोम असतो, पण झाकण आतून पोकळ असतं.

झाकण सारखं उघडल्याने बर्फ संपतो असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पन्नास लिटर हवेचं वजन जेमतेम साठ ग्रॅम. ती सगळी बदलली, बाहेरच्या हवेतला दमटपणा आत येऊन थंडाव्यावर जमला, तरी एका उघडण्याचा खर्च दहा-पंधरा ग्रॅम बर्फाच्या आसपास राहतो. झाकण उघडं ठेवून गप्पा मारणं मात्र वेगळं. आणि रिकाम्या झालेल्या जागी कोमट बाटली सरकवणं सगळ्यात महाग. तेवढ्या एका बाटलीच्या बर्फात झाकण पंधरा-वीस वेळा उघडून झालं असतं.

तेव्हा शनिवारी सकाळी निघायचं असेल तर बाटल्या गुरुवारी रात्रीच फ्रीजमध्ये जायला हव्यात. डझनभर कोमट बाटल्या एकदम ठेवल्या की फ्रीजला दिवसभर झगडावं लागतं, कारण हवा उष्णता फार हळू काढते. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाच टक्के अल्कोहोलची बीअर उणे दोन-तीन अंशांपाशी गोठायला लागते आणि फ्रीझर उणे 18 वर असतो. विसरलात की बाटली तडकलीच. फ्रीझरची जागा पाण्याच्या बाटल्यांना द्या. एक लिटरच्या सॉफ्ट ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या धुऊन नव्वद टक्केच भरा, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. चार-पाच अशा बाटल्या पूर्ण गोठायला एक दिवस धरा. या बर्फाचे दोन फायदे आहेत. तो उणे 18 वरून निघतो, त्यामुळे कारखान्यातल्या ओलसर बर्फापेक्षा किलोमागे दहा-अकरा टक्के जास्त काम करतो. आणि वितळला की प्यायचं पाणी तयार.

बाकीचा बर्फ लादीतून तोडून घ्यायचा. मासळी बाजाराजवळ किंवा बर्फाच्या कारखान्यावर तो सहज मिळतो. निळसर रंगाचा दिसला तर तो खाण्याचा नाही. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. बाटल्या गार ठेवायला तो चालतो, पण ग्लासात टाकायचा नाही, आणि त्यातून काढलेल्या बाटलीचं तोंड प्यायच्या पाण्याने धुऊन पुसायचं. मला विचाराल तर थोडी शोधाशोध करून पांढराच घ्यावा. चारजणांत कोणीतरी न विचारता ग्लासात खडा टाकतोच. आणि बर्फ आधीच घ्या. मुंबईकडून भंडारदऱ्याला जाताना घोटी हा शेवटचा मोठा बाजार, पवनेला जाताना कामशेत किंवा लोणावळा. त्यापुढे बर्फ मिळेलच याच्या भरवशावर राहू नका.

लादीचा मोठा तुकडा हळू वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो. चुरा पटकन गार करतो आणि पटकन संपतो. दोन्ही लागतात: तळाशी आणि एका बाजूला मोठे तुकडे किंवा गोठवलेल्या बाटल्या, मधे बीअर, फटींमध्ये टोच्याने फोडलेला चुरा आणि सगळ्यात वर पुन्हा बर्फाचा एक थर. गार हवा खाली उतरते, म्हणून वरचा थर विसरायचा नाही. उरलेली रिकामी जागा जुन्या टॉवेलने भरून काढा. थर्माकोलच्या खोक्याला आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा, नाहीतर सांध्यातून पाणी झिरपून गाडीची सीट भिजते. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी मारा.

चार जणांच्या एका रात्रीच्या मुक्कामाला, म्हणजे शनिवारी सकाळी सात ते रविवारी दुपारी बारा, घरून गार करून नेलेल्या डझनभर मोठ्या बाटल्यांना आठ ते दहा किलो बर्फ पुरतो. बाटल्या कोमट नेल्या तर तीन किलो वाढवा. जेवणाचं सामान, पनीर, मॅरिनेट केलेलं चिकन याच खोक्यात ठेवू नका. पिशवी गळली तर सगळं पाणी खराब होतं. त्याला वेगळा डबा आणि वेगळा बर्फ.

काच की कॅन? कॅनच. घाटातल्या खड्ड्यांत बाटल्या बर्फाच्या तुकड्यांवर आपटतात. प्रत्येकीला जुना पायमोजा घातला तर वाचतात. कॅनही एकमेकांना घासले जाऊन लांबच्या प्रवासात भोक पडू शकतं, तेव्हा मधे वर्तमानपत्राची घडी घाला. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटल्या उन्हात अजिबात ठेवायच्या नाहीत. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांमधल्या घटकांवर उजेड पडला की थोड्याच वेळात उग्र, कुबट वास येतो आणि मग कितीही गार केली तरी तो जात नाही. तपकिरी काच बऱ्यापैकी राखते, कॅनला हा प्रश्नच नाही. एकदा गार केलेली बीअर परत कोमट झाली तर वाया जाते, ही समजूत मात्र सोडून द्या. दिवसभर डिकीत भाजून निघणं वाईट. एखाद-दुसऱ्यांदा गार-कोमट होण्याने काही बिघडत नाही.

गाडीत खोकं डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या हवेत ठेवा. मुक्कामाला पोचल्यावर ते तंबूत नेऊ नका. दुपारी तंबूतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. दाट सावलीच्या झाडाखाली, तापलेल्या जमिनीपासून वर, दोन दगडांवर किंवा विटांवर ठेवा. सावली सरकते, तेव्हा दोनला ठेवलेलं खोकं चारला कुठे येईल ते आधीच बघा. वितळलेलं पाणी काढून टाकू नका. बर्फ शिल्लक असेतोवर ते शून्याच्या आसपास असतं आणि बाटलीला सगळीकडून लागतं. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला मोजक्याच ठिकाणी टेकतात.

खोक्यावर ओलं गोणपाट टाकायचं का, हे तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. देशावर एप्रिलात 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर वाऱ्यावरचं ओलं कापड साधारण 21 अंशांपर्यंत उतरतं. खोक्याला बाहेर 38 ऐवजी 21-22 अंश जाणवतात आणि बर्फाचा खर्च बराच कमी होतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी शिंपडा आणि वारा लागू द्या. कोकणात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला तेच कापड 28 च्या खाली जात नाही. तिथे त्यापेक्षा कोरडी पांढरी चादर बरी.

बाटल्या धरणाच्या पाण्यात ठेवण्याची युक्ती अर्धीच उपयोगी आहे. बाटली पाण्यापेक्षा गार होणार नाही आणि मे महिन्यात काठाचं पाणी कोमटच असतं. पण वाटेत घेतलेल्या, गाडीत तापलेल्या बाटल्या असतील तर त्या आधी जाळीच्या पिशवीत घालून, दोरीने झाडाला बांधून अर्धा तास पाण्यात सोडा. तेवढे आठ-दहा अंश पाणी फुकट काढून देतं आणि बर्फ वाचतो. पिशवी काठावरूनच सोडायची आणि काठावरूनच ओढायची. पिऊन धरणात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. पवनेत माणसं बुडाली आहेत.

ऐनवेळी चार बाटल्या गार करायच्या झाल्या तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घ्या आणि लिटरमागे 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे खडे मीठ टाका. पाणी उणे दीड-दोन अंशांवर जातं. बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून मधूनमधून फिरवल्या तर वीस मिनिटांत काम होतं. कुल्फीवाल्यासारखं मूठमूठ मीठ टाकलंत तर पाणी खूपच खाली जाऊन बीअर गोठेल. मुख्य खोक्यात मीठ टाकायचं नाही, बर्फ लवकर संपतो. ते खारं पाणी झाडाच्या मुळाशी किंवा शेतात ओतू नका.

घाटात हिंदकळलेली बाटली गार असली तरी पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवूनच उघडा. मोठी बाटली दोघांत वाटून घ्या आणि ग्लास अर्धाच भरा. दमट हवेत बाटलीवर जे दव जमतं, ते नुसतं ओलं करत नाही, आपली उष्णता बाटलीला देऊन जातं. एक ग्रॅम दव जमलं की 650 मिली बीअर जवळपास एक अंशाने तापते. म्हणून कोकणात बाटलीला कोरडा पंचा गुंडाळा.

बीअरसाठी वय 21 पूर्ण हवं आणि परवाना हवा. एक दिवसाचा परवाना वाईन शॉपमध्येच मिळतो. गडावर आणि अभयारण्याच्या हद्दीत दारू न्यायची नाही. भंडारदऱ्याचा बराच परिसर अभयारण्यात येतो, तेव्हा तंबूची जागा ठरवतानाच मालकाला विचारून घ्या. गाडी चालवणाऱ्यासाठी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आहेतच.

रिकामे कॅन चेपून, बाटल्या पायमोज्यांसकट त्याच खोक्यात घालून परत आणा. घरी आल्यावर खोकं साबणाने धुवा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा. ओलं बंद केलं तर बुरशीचा वास धरतो आणि तो पुढच्या वेळच्या बर्फालाही लागतो.