बॉर्डर आली का?

आईने पासपोर्ट ट्रियर स्टेशनवरच बाहेर काढले होते. दोघांच्या पासपोर्टना मिळून एक रबरबँड, खाली प्लॅस्टिकचं फोल्डर. त्यात प्रवासविम्याचे कागद, मी पाठवलेलं निमंत्रणपत्र, परतीची विमानतिकिटं आणि का कोण जाणे, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती. हे सगळं मांडीवर घेऊन ती तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती.

"अगं, आत ठेव ते. कुणी विचारत नाही."

"दुसऱ्या देशात जातोय ना आपण?"

जातच होतो. जर्मनीतल्या ट्रियरहून लक्झेंबर्ग शहर, जवळपास प्रत्येक स्टेशनवर थांबणारी साधी गाडी, तासाभराचा प्रवास. सीमा पहिल्या पाव तासातच येऊन जाते. लक्झेंबर्गची वस्ती सात लाखांच्याही आत, पण शेजारच्या तीन देशांतून रोज दोन लाखांवर माणसं तिथे कामाला जातात. सकाळची गाडी म्हणजे डोंबिवली फास्टची सभ्य धाकटी बहीण. सीमा येईपर्यंत निम्मा डबा डुलक्या घेत असतो. मीही त्यातलाच एक असल्यामुळे वाटेवरची मोझेल नदी मी जागेपणी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

त्या दिवशी मात्र पाहणं भाग होतं, कारण बाबा खिडकीत होते. बाबा मूळचे निफाडचे. मोझेलच्या काठचे द्राक्षमळे दिसल्यावर त्यांचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला आणि लगेच परीक्षकाचा झाला. "मांडव नाही घातला? एकेका वेलाला एकेक खुंटा? आणि एवढ्या चढावर फवारणी कोण करतं?" मला काय ठाऊक. मी आयटीतला माणूस.

कोन्झला गाडीने मोझेल ओलांडली. आई अर्धवट उठली. "आली?"

"नाही, ही फक्त नदी."

मग ईगेल आलं. या छोट्या गावात रोमन काळातला तेवीस मीटर उंच दगडी खांब उभा आहे. सेकुंदिनी नावाच्या कापडव्यापारी घराण्याने स्वतःचं स्मारक म्हणून तो उभारला. व्यापाऱ्यांनी! आपल्याकडे असा खांब उभारायला निदान एखादी लढाई तरी जिंकावी लागली असती.

त्यानंतर एक लहानसा पूल. खाली साउअर नदी, मोझेलला मिळायच्या बेतात. "ही बघ बॉर्डर," असं मी म्हणेपर्यंत पूल संपला. कुणी मान वर केली नाही. डब्यातल्या सगळ्यांत सावध निघाला तो माझा फोन. टुणकन वाजला आणि लक्झेंबर्गमध्ये स्वागत झालं.

"झालं?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी व्हिसावाल्यांनी बँकेची स्टेटमेंटं मागितली?"

मी तिला समजावायला गेलो की ज्याच्या नावाने तुमचा व्हिसा आहे, ते शेंगेन गाव इथून वर, याच मोझेलच्या काठावर आहे. 14 जून 1985 रोजी पाच देशांनी तिथे नदीतल्या एका जहाजावर करार केला आणि एकमेकांच्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवायचं ठरवलं. आई म्हणाली, "मग ते व्हिसाच्या अर्जात तरी लिहायचं."

बाबांना जहाजात रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा. "सीमा नेमकी कुठे? नदीच्या मधोमध?"

गंमत अशी की ती मधोमध नाहीच. 1816 साली प्रशिया (तेव्हाचं इकडच्या बाजूचं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स (लक्झेंबर्ग तेव्हा त्यांच्या राजाकडे होतं) यांनी ठरवलं की सीमेवरच्या मोझेल, साउअर आणि ऊर या नद्या वाटायच्या नाहीत. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दोघांचं. आजही ते तसंच आहे. म्हणजे जर्मनी एका काठाला संपतो, लक्झेंबर्ग दुसऱ्या काठाला सुरू होतो आणि मधलं पात्र सामायिक.

"म्हणजे सातबाऱ्यावर दोघांची नावं," बाबा म्हणाले. "आपल्या विहिरीसारखं."

आमच्या विहिरीत चार चुलत घरांचा हिस्सा. मोटर कुणी किती वेळ चालवायची यावरून दोन घरं एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. बांध कोरण्यावरून जे झालं ते तर इथे लिहिण्यासारखंही नाही. बाबा बराच वेळ मागे गेलेल्या नदीच्या दिशेने बघत राहिले. मग विचारलं, "पाण्याची पाळी कशी लावतात रे हे?" याचंही उत्तर मला येईना.

पुलापलीकडचं पहिलं स्टेशन वासरबिलिश. जर्मन लोक त्याला वासरबिलिग म्हणतात आणि त्यांच्या भाषेत त्याचा शब्दशः अर्थ 'पाणी स्वस्त'. पाण्याचं माहीत नाही, पण पेट्रोल स्वस्त आहे. गावात एकामागून एक पंप, आणि टाकी भरायला आलेल्या जर्मन गाड्यांची रांग. इथून पुढे सेकंड क्लासचा प्रवास फुकट. 2020 पासून अख्ख्या देशात बस, ट्राम, रेल्वे फुकट आहे. आई-बाबांचं तिकीट मी फक्त सीमेपर्यंतच काढलं होतं. हे कळल्यावर बाबा उरलेली वाट टीसीच्या धाकात बसले. फुकट या शब्दावर त्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसलेला नाही.

संध्याकाळी परतताना पूल ओलांडल्यावर डब्यात दोन पोलीस चढले. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, हे मी सकाळी सोयीस्करपणे विसरलो होतो. माझं रहिवासी कार्ड बॅगेच्या तळाशी. मी शोधतोय, तोवर आईने रबरबँड सोडलासुद्धा. त्यातल्या एका पोरगेल्या पोलिसाने दोन्ही पासपोर्ट उघडले, व्हिसा पाहिला, हसून परत दिले आणि पुढे वळला.

"अरे, त्याला सांग," आई मला ढोसत म्हणाली. फोल्डर तिने पुढे केलेलंच होतं. "विम्याचे कागद बघायचे राहिले."