आंबेनळी घाटात पुढचा ब्रेक बसला : पुणे–दापोली, डबल सीट

दिवाळीनंतरच्या शनिवारी पहाटे साडेपाचला पुणे सोडलं. गाडी १५० सीसी, सात वर्षं जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागे बायको आणि दोन बॅगा. वाईला मिसळ, पसरणी घाट, पाचगणी, साडेनऊला महाबळेश्वर. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला आहे.

निघण्याआधी महिनाभर मी ब्रेकचं एक काम केलं होतं. मूळचे ऑरगॅनिक, म्हणजे धागे आणि राळेचे पॅड काढून सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड घातले होते. घाटात पकड चांगली मिळेल म्हणून. पॅड बदलले, पण ब्रेक ऑइल (लिव्हरचा दाब चाकापर्यंत नेणारं) चार वर्षांपूर्वीचंच ठेवलं आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना उघडून पाहिल्याच नाहीत. पुढचं सगळं यातूनच घडलं.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर पार कोकणच्या तळाशी. मधला रस्ता म्हणजे आंबेनळी घाट, चाळीसेक किलोमीटरचा. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून तीनशे किलो धरा. एवढं वजन बाराशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दहा लीटर पाणी उकळीला येईल. त्यातला बराच भाग इंजिन आणि वारा उचलतात. उरलेला सगळा डिस्कवर आणि ड्रमवर येतो. गाडी न्यूट्रल करून उतरवली तर इंजिनाचा वाटा शून्य, म्हणजे तोही भार ब्रेकवरच.

मी न्यूट्रल केली नव्हती, पण चौथ्या गिअरमध्ये उतरत होतो आणि पुढचा लिव्हर सतत थोडा दाबून धरला होता. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा मागे टाकला. त्यानंतर चार-पाच वळणांतच लिव्हर मऊ लागायला लागला. पुढच्या वळणावर तो थेट मुठीला टेकला आणि गाडी तशीच चालत राहिली. मागचा ड्रम सळईवर चालतो, त्यात ऑइल नसतं, म्हणून तेवढा आधार होता. तिसरा, दुसरा असे गिअर खाली घेत, मागचा ब्रेक लावत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. दरीच्या बाजूला वळण असतं तर काय, हा विचार नंतर आला आणि हात थरथरायला लागले. बायको उतरून म्हणाली, "अरे, चाकातून जळका वास येतोय."

अशा वेळी डिस्कवर पाणी ओतायचं नाही. तापलेली डिस्क अचानक थंड झाली की वाकू शकते. आम्ही पाऊण तास नुसते बसून राहिलो. डिस्क निवल्यावर लिव्हर परत घट्ट झाला. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं उतरलो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावायचे, वेग पडला की पूर्ण सोडून द्यायचे. सोडलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. सतत हलका दाब ठेवला तर ती निवतच नाही.

पोलादपूरला हायवेलगत एक मेकॅनिक भेटले. त्यांनी चाक उचलून हातानं फिरवलं, ते फिरेना. "दादा, पिना जाम आहेत. पॅड सुटतच नाहीये," म्हणाले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून बसली होती, त्यामुळे लिव्हर सोडला तरी पॅड डिस्कला घासत होता. त्यात सिंटर्ड पॅड ऑरगॅनिकपेक्षा जास्त उष्णता कॅलिपरमधल्या पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडे, म्हणजे ऑइलकडे जाऊ देतात. आणि ऑइल निघालं काळपट चहासारखं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, लिव्हर फक्त ते बुडबुडे दाबत राहतो आणि पिस्टनपर्यंत जोर जातच नाही. आमचं तेच झालं होतं.

पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. चेनचं किंवा बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतं. ऑइलसाठी उघडा डबा पुढे आला, तेव्हा मी सीलबंद बाटली मागितली. तुम्हीही मागा. कोणतं डॉट घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावून स्वच्छ ऑइल येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढत राहायचं, मधे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो. या सगळ्याला तासभर लागला.

पुढे खेडमार्गे दापोली, संध्याकाळी पोहोचलो. मुरुड आणि कर्द्याला लोक गाड्या वाळूत घालतात. माझी कळकळीची विनंती, घालू नका. वाळू आणि खारं पाणी कॅलिपरमध्ये गेलं की पिना पुन्हा तशाच होतील. नुसत्या खाऱ्या वाऱ्यासाठीसुद्धा परतल्यावर कॅलिपर गोड्या पाण्यानं धुवावा.

परत आलो महाड, माणगाव, ताम्हिणीवरून. या बाजूनं चढ असल्यानं ब्रेकला विश्रांती मिळाली. पुण्यात आल्यावर ब्रेक ऑइलची रबरी होज (नळी) काढून स्टीलच्या जाळीची बसवली. जुनी होज दाबाखाली थोडी फुगते, ही फुगत नाही, लिव्हर कडक आणि नेमका लागतो. मला हा बदल पॅडपेक्षा जास्त आवडला. सिंटर्ड पॅड मात्र काढले, कारण माझी डिस्क त्यांच्यासाठी बनलेली नाही आणि महिन्यातच तिच्यावर चरे दिसायला लागले होते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती एकदा मोजून घ्या. नवे पॅड घातले तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळा, आणि ते घाटाच्या आदल्या दिवशी तर घालूच नका.

आंबेनळीला जाणार असाल तर पेट्रोल महाबळेश्वरलाच भरा. पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट बंद होतो, तेव्हा आधी चौकशी करा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हातानं फिरवून बघा. ते मोकळं फिरलं पाहिजे.