आधी एकट्याने जाऊन सांग

आमच्या चर्चमधल्या एका काकांना विचारून लिहितेय हे. त्यांनीच लिही म्हणून सांगितलं, ते का ते शेवटी येईलच.

पुण्यात नगर रोडला आमच्यासारखी मराठी कॅथलिक घरं बरीच आहेत, येरवडा, वडगावशेरी, चंदननगर अशी पसरलेली. कुणाचे आजोबा श्रीरामपूरकडचे, कुणाचे राहुरीकडचे, सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जायचंच असं मानणारे, आणि बहुतेक जण मूळचे महार-मातंग समाजातले. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर गप्पा मारत उभे असतो तेव्हा हे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

आणि जातीच्या दाखल्याचं पण सगळ्यांना माहीत असतं. 10 ऑगस्ट 1950 ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. पुढे 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की जात गेली असं सरकार धरतं. गावात ती कुठेच गेलेली नसते, आणि खरं सांगायचं तर चर्चमध्येही गेलेली नसते, लग्न जमवताना बघा. चर्च दरवर्षी 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतं. पण घरात पोराची फी भरायची वेळ येते तेव्हा कितीतरी जण कागदावर हिंदूच राहतात, आणि रविवारी चर्चमध्ये कम्युनियन (पवित्र भाकर) घेतात.

26 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पुदुच्चेरीच्या एका बाईंची केस होती, ख्रिस्ती धर्म पाळत असाल तर नुसत्या नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागता येणार नाही, ती संविधानाशी फसवणूक आहे असं कोर्ट म्हणालं. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या मंडळीच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली आणि पेटलंच. तसाही ग्रुप मेपासून तापलेला होता, 13 मे ला पुण्याचं मतदान झालं तेव्हा कुणी कुणाला मत दिलं यावरून लोक एकमेकांना ओळख दाखवेनासे झालेले, त्यात पोप फ्रान्सिस फार मोकळे की फार कडक यावरून वेगळे गट. काकांनी लिहिलं की ज्यांच्या कागदावर ख्रिस्त नाही त्यांनी पॅरिश कौन्सिलमध्ये (चर्चच्या समितीत) यायचं नाही, आधी खरं बोलायला शिका. नाव घेतलं नव्हतं, पण चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरमधल्या एका मावशींबद्दल आहे हे कळत होतं, नवरा नाही, दोन घरी स्वयंपाक करतात, मुलगा इंजिनिअरिंगला.

मी उत्तर दिलं. लांबलचक. 1950, 1956, 1990 सगळं मांडलं, मावशींचं नाव घेऊन त्यांची बाजू मांडली, मुलाची फी, दाखला, सगळं. आणि शेवटी काकांच्याच घरातल्या एका दाखल्याचा विषय काढला. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चाळीस लाइक आले, काका ग्रुपमधून बाहेर पडले आणि मला रात्री छान झोप लागली.

चार दिवसांनी मावशी रिक्षा स्टँडपाशी भेटल्या. हातात मेथीची जुडी होती, तिच्याकडे बघतच बोलल्या, "ताई, तुमच्या भांडणात माझ्या पोराचं नाव घरोघरी गेलं. मला विचारलं असतं तर नको म्हणाले असते." मला काही बोलताच येईना. मी ज्यांच्यासाठी भांडत होते त्यांना एक फोन केला नव्हता.

बायबलमधलं मत्तय 18:15-17 मला पाठ आहे, कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात मी ते मुलांना शिकवते. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. मी सुरुवातच मंडळीपासून केली होती.

काकांकडे जायला मला मार्च उजाडला, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, झाल्यावर गेले. काकूंनी चहा ठेवला, काका टीव्ही बंद न करता बसून राहिले. मी म्हटलं, मुद्दा मला अजूनही बरोबर वाटतो, पण तुमच्या घरचं चव्हाट्यावर आणायला नको होतं, चुकलं माझं. बराच वेळ काही नाही. मग उठून त्यांनी कपाटातून प्लास्टिकची फाइल आणली. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, कडा पिवळ्या, घडीवर चिकटपट्टी लावलेली, आणि धर्माच्या रकान्यात शाईने लिहिलेलं 'ख्रिश्चन'. म्हणाले, मास्तरांनी बापाला विचारलं होतं हिंदू लिहू का, पोराचं भलं होईल. बाप नाही म्हणाला. सवलत मिळाली नाही, कॉलेज सुटलं, भोसरीत हेल्पर म्हणून लागलो ते रिटायर होईपर्यंत कंपनीतच. "आम्ही खरं लिहिलं आणि भरलं. आता सगळे म्हणतात चालतं. मग माझा बाप येडा होता का?"

हे मला माहीतच नव्हतं. वीस वर्षं शेजारच्या बाकावर बसतो आम्ही.

मत त्यांचं बदललेलं नाही. कौन्सिलबद्दल तेच म्हणतात. मला ते पटत नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं, वाद झाला, काकू मध्ये पडल्या. पण मावशींबद्दल वाईट बोलणार नाही म्हणाले. मी ग्रुपवर माफी मागितली, कारण अपमान तिथेच केला होता, मावशींना त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्या नीट बोलल्या, पण पूर्वीसारख्या नाही, आणि त्यांनी तसं का बोलावं.

काका ग्रुपवर परत आले नाहीत. पण गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर गेटपाशी थांबले होते. दाखल्याची झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी 1950 वर लिहिशील तेव्हा हेही लिही."