बेसमेंटमध्ये 27 अंश

थर्मोस्टॅटवर 22 दिसत होतं आणि काकू शाल गुंडाळून, पायात दोन-दोन मोजे चढवून सोफ्याच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी पिशवीतून माझा तापमापक काढून थर्मोस्टॅटशेजारी धरला. 17. बाहेर उणे 18. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधला जानेवारी, त्यात रविवार, आणि मी अर्धे पोहे ताटात टाकून आलो होतो, कारण काका आमच्या मराठी मंडळातले. मंडळातल्या गिऱ्हाइकाला 'उद्या येतो' म्हणता येत नाही. पूर्ण बिलही लावता येत नाही, ते वेगळंच.

"तूच बसवलायस हा," काका म्हणाले. "तीन महिने पण झाले नाहीत."

खरं होतं. ऑक्टोबरात मीच बसवला होता.

मी गॅस टेक्निशियन आहे, जी-टू लायसन्सचा. म्हणजे तासाला चार लाख बीटीयूपर्यंतच्या (बीटीयू हे उष्णतेचं माप) उपकरणांवर मला एकट्यानं काम करता येतं. त्याआधी अकरा वर्षं इचलकरंजीकडे एका सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लँटवर काढली. तिथे हवेतला ओलावा घटला की धागा तुटायचा आणि शिव्या मला बसायच्या. इथे घर गार पडलं की बसतात.

घर गार पडलं म्हणजे फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, बिघडली, असं लोकांना वाटतं. आमच्यातल्या नव्या पोरांनाही तसंच वाटतं. आधी फ्लेम सेन्सर घासायचा, मग प्रेशर स्विच बदलायचा, तरी चालेना तर बोर्ड मागवायचा. निदान कमी, पार्ट जास्त. मी आधी एकच करतो. फर्नेसच्या बोर्डवर 'आर' आणि 'डब्ल्यू' या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा अडकवतो. 'आर'वर ट्रान्सफॉर्मरचे 24 व्होल्ट असतात, 'डब्ल्यू' म्हणजे 'ऊब पाठव' असा निरोप. थर्मोस्टॅट कितीही महागाचा असो, त्याला गाणी वाजवता येवोत की हवामान सांगता येवो, हिवाळ्यात त्याचं खरं काम या दोन तारा जोडायच्या आणि तोडायच्या, एवढंच.

तुकडा अडकवला. धूर बाहेर ओढणारा इंड्युसरचा पंखा घुमला, प्रेशर स्विचनं टक् केलं, इग्नायटर नारिंगी झाला, गॅस व्हॉल्व्ह उघडला आणि निळ्या ज्योती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेल्या. अर्ध्या मिनिटानं घरभर हवा ढकलणारा मोठा ब्लोअर सुरू. हे मी किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही, तरी दर वेळी संपेपर्यंत उभा राहून बघतो.

म्हणजे फर्नेस ठणठणीत. निरोपच येत नव्हता.

वर येऊन थर्मोस्टॅटच्या स्क्रीनवर सेन्सरची यादी उघडली. मुख्य मजला 17. बेसमेंट 27.1. दोन्हींची सरासरी 22, आणि काकांनी लावलेलं तापमान 21. थर्मोस्टॅटच्या हिशेबानं घर हवं त्यापेक्षा एक अंश जास्तच उबदार होतं. हिशेबात चूक नव्हती. पण उणे 18 च्या दिवशी, काँक्रीटच्या फरशीवर, जमिनीखाली 27 अंश कुठून आले?

आता ऑक्टोबरचं सांगायला हवं.

काकांनी बेसमेंट दोन मुलींना भाड्यानं दिलंय. एक जळगावकडची, एक साताऱ्याची, दोघीही कॉलेजात. "आपल्या पोरींना ठेवलंय, परक्यांना नाही," हे काका मंडळात दर वेळी सांगतात. मुलींची तक्रार होती, खाली फार थंडी वाजते. मी मोजलं तेव्हा 17 होतं. ऑन्टॅरिओचा नियम असा, की 1 सप्टेंबर ते 15 जून भाड्याच्या घरात किमान 20 अंश मिळायलाच हवेत. काका नियमाला घाबरणारे, आणि मुलींची काळजीही त्यांना खरीच होती. ते मी नाकारणार नाही.

दोष होता बिल्डरचा. इथल्या कित्येक घरांत असतो. खालच्या मजल्याला गरम हवा देणारे व्हेंट छतात ठोकलेले, आणि हवा परत ओढणारी जाळीही वरच. गरम हवा छताला चिकटून तशीच निघून जाते, पाय बर्फात राहतात. त्यात थर्मोस्टॅट एकच, तोही वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराला लागून. काकूंनी तवा तापवला की थर्मोस्टॅट समाधान पावतो आणि फर्नेस बंद होते. वर पोळ्या, खाली थंडी. खरा उपाय म्हणजे फरशीजवळ रिटर्न डक्ट, म्हणजे हवा परत नेणारी वाट, काढायचा किंवा खालच्या मजल्याला डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, घालून वेगळा झोन करायचा. हजारो डॉलरांची बात. स्वस्त उपाय म्हणजे खोलीत ठेवायच्या बिनतारी सेन्सरचा स्मार्ट थर्मोस्टॅट. तो दोन्हीकडचं तापमान बघून सरासरी काढतो, म्हणजे खालच्यांच्या थंडीलाही मत मिळतं. स्मार्ट थर्मोस्टॅट विकला की मला वर थोडे पैसे सुटतात, हेही लिहून टाकतो. पण ते नसते सुटले तरी मी हेच सुचवलं असतं. उपाय बरोबर होता. मला त्याचा अभिमानच होता.

कोणता घ्यायचा, यावर मात्र काकांनी दीड तास घेतला. दोन हजार अकरा साली नेस्टचा गोल थर्मोस्टॅट आला, 2014 मध्ये गूगलनं ती कंपनी 3.2 अब्ज डॉलरना घेतली, हे सगळं काकांना तोंडपाठ. "जाहिराती विकणाऱ्या कंपनीला माझ्या घरातली थंडी कशाला हवी? मी घरी कधी असतो, कधी नसतो, हे त्यांना कळायचं कारण काय?" प्रश्न रास्त होता. दोन हजार एकोणीसमध्ये त्यांच्याच घर-सुरक्षेच्या एका उपकरणात मायक्रोफोन असल्याचं निघालं आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नव्हता. शिवाय 2025 च्या ऑक्टोबरात त्यांनी 2011 आणि 2012 च्या जुन्या थर्मोस्टॅटांचा अ‍ॅपशी संबंध तोडला. भिंतीवर ते चालतात, फोनवरून नाही. माझी तीन गिऱ्हाइकं त्यावरून माझ्यावरच उखडली, जणू मीच वायर कापली.

म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीचा घेतला. त्यातला मायक्रोफोन काकांनी माझ्यासमोर बंद करून घेतला, बंद झाल्याची खूण दोनदा तपासली. मग विषय निघाला ऑन्टॅरिओच्या पीक पर्क्स योजनेचा. उन्हाळ्यात विजेची मागणी चढली की तुमचं तापमान दुरून जास्तीत जास्त दोन अंश वाढवायचं, कामाच्या दिवशी, तीन तासांच्या आत, हंगामात दहापेक्षा जास्त वेळा नाही. नाव नोंदवलं की 75 डॉलर. काकांनी कोलोरॅडोचा दाखला काढला. तिथे 2022 च्या ऑगस्टअखेरीस अशाच योजनेतल्या 22 हजार ग्राहकांना ऐन उकाड्यात काही तास स्वतःच्या थर्मोस्टॅटला हात लावता आला नव्हता. दहा मिनिटं तणतणले, मग 75 डॉलर घेतले. मी हसलो नाही. माझ्या घरीही घेतलेत.

भिंतीत चारच तारा जोडलेल्या होत्या. जुना थर्मोस्टॅट बॅटरीवर चालायचा, नव्याला सतत वीज लागते, त्यासाठी पाचवी 'सी' तार हवी. भिंतीतल्या गुंडाळीत निळी तार न वापरता तशीच पडलेली सापडली आणि मला लॉटरी लागल्यासारखं झालं. नाहीतर अर्धा दिवस भिंतीत तार ओढण्यात जातो. पंचवीस मिनिटांत काम झालं. खालच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला सेन्सर चिकटवला. मुलींनी चहा दिला. आठवड्यानं काकांचा मेसेज आला, खाली 20.5.

त्या सेन्सरमध्ये तापमान मोजायचा थर्मिस्टर असतो आणि हालचाल टिपणारी एक डोळी असते. माणसाच्या अंगाची ऊब हलली की तिला कळतं. माणसं मोजता येत नाहीत, चेहरा दिसत नाही, पांघरुणात गाढ झोपलेला माणूस तर तिच्या लेखी नसतोच. हेतू चांगला. खोलीत कुणी नसेल तर ती कशाला तापवायची? पण त्याची नोंद अ‍ॅपमध्ये राहते, आणि कंपनीच्या वेबसाइटवरून दर पाच मिनिटांचा तक्ता उतरवून घेता येतो. बसवताना मी हे काकांना मोठ्या उत्साहानं दाखवलं होतं. ज्यांचं अकाउंट त्यांना सगळं दिसतं. अकाउंट काकांचं.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी खाली गेलो. दार साताऱ्याच्या मुलीनं उघडलं. अंगावर बाहेरचं जाकीट, डोक्याला टोपी. भिंतीवर सेन्सरच्या जागी चिकटपट्टीचा चौकोनी डाग. माझा तापमापक 15.5 दाखवत होता.

"सेन्सर कुठंय?"

ती काही बोलली नाही. मी फर्नेसच्या खोलीत गेलो. कपडे धुवायचं मशीन तिथेच आहे, त्यामुळे मुलींना तिथे जाता येतं. पाणी तापवायच्या टाकीच्या मागे, गरम पाण्याच्या पाइपाला, एका लोकरी मोज्यात घालून सेन्सर टांगलेला होता. मघाशी फर्नेसवर टॉर्च मारताना त्याच्यापासून मी हातभर लांब उभा होतो. सत्तावीस अंश तिथले होते.

मी मोजा हातात घेऊन परत आलो. तेव्हा तिनं सांगितलं. डिसेंबरात तिच्या आईचा साताऱ्याहून फोन आला. "रात्री दीड-दीडला येतेस म्हणे?" ती एका गोदामात कामाला जाते, शिफ्ट बाराला सुटते, बस मिळेपर्यंत दीड होतो. घरी तिनं नोकरीची वेळ सांगितली नव्हती, उगाच काळजी नको म्हणून. आईला काकूंनी सांगितलं होतं. काकूंना काकांनी. काकांना त्या डोळीनं. मग एक दिवस काकांनी जिन्यात विचारलं, सकाळी अकराला खोलीत कोण असतं, तुम्ही दोघी तर कॉलेजात असता. असायची तीच. रात्रीच्या शिफ्टनंतर उशिरा उठलेली.

"कॅमेरा असता तर आम्ही भांडलो असतो, दादा," ती म्हणाली. "पण हा तर हीटरचा भाग आहे ना. हीटरचा भाग काढा असं कसं सांगायचं? आमच्यासाठीच बसवलाय म्हणतात."

इथल्या कायद्यानं घरमालकाला भाडेकरूच्या खोलीत यायचं तर साधारणपणे चोवीस तास आधी लेखी कळवावं लागतं, आणि तेही सकाळी आठ ते रात्री आठमध्येच. हे मी तिला सांगणार होतो. मग वाटलं, कुठल्या तोंडानं? न कळवता रात्री दीडला आत येणारी वस्तू मीच चिकटवून गेलो होतो, आणि वर चहा पिऊन. जाहिरातीच्या कंपनीवर दीड तास चर्चा झाली तेव्हा या दोघींना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. 'हालचालही दिसते हो यात' एवढं एकच वाक्य पुरलं असतं.

वर जाऊन काकांना म्हटलं, सेन्सर जागेवरून हलला होता, त्यामुळे गडबड झाली. मोज्याचं बोललो नाही. पुढे म्हटलं, हा काढून टाकू, फक्त तापमान मोजणारा तारेचा सेन्सर घालू, त्याला चालेल असा साधा थर्मोस्टॅट घेऊ, मजुरी मी लावत नाही. काका म्हणाले, "चांगलं चाललंय की. आणि खरं सांगू, त्यांच्या आई-वडिलांना मी शब्द दिलाय. परक्या देशात पोरी आहेत. थोडं लक्ष असलेलं बरं." काकूंनी मान हलवली. त्यांच्या स्वरात वाईट काही नव्हतं, आणि त्यामुळेच माझं तोंड बंद झालं. माझी बहीण पुण्यात वसतिगृहात होती तेव्हा रेक्टरबाईंना फोन करून मी हेच विचारायचो.

सेन्सर जागेवर लावायला पुन्हा खाली गेलो. डक्टचे सांधे बंद करायला आम्ही चांदीसारखी फॉइल टेप वापरतो. तिच्यातून अंगाची ऊब आरपार जात नाही. थर्मिस्टरला मात्र तिनं काही होत नाही, खोलीतली हवा त्याला लागतच राहते. मी इंचभर तुकडा कापला, सेन्सरवर लावला नाही, तिच्या टेबलावर वहीशेजारी ठेवला. डोळी कुठे असते ते बोटानं दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवी उचलली.

बिलावर लिहिलं : सेन्सर योग्य जागी बसवला, फर्नेस तपासली, दोष नाही. रक्कम शून्य. गिऱ्हाइकाच्या वस्तूत गडबड करायला मी तिऱ्हाइताला शिकवून आलो. आमच्या कंपनीत हे कळलं तर नोकरीवर येईल, आणि काकांना कळलं तर मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण तो तुकडा मीच का लावला नाही, हे मला त्याहून जास्त टोचतं. लावला असता तर निदान जबाबदारी माझी झाली असती. मी ती तिच्या टेबलावर ठेवून आलो.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. घर छान उबदार आहे, खाली 20.3, पण अ‍ॅपमध्ये बेसमेंट सारखं रिकामं दाखवतंय.

"काका, झोपलेला माणूस त्याला दिसत नाही," मी म्हटलं.

"दिवसापण?"

म्हटलं, बॅटरी बघायला येतो कधीतरी. अजून गेलेलो नाही.