लेक्झिंग्टनची पहाट आणि मंडळाचा पाडवा

बोस्टनजवळचं लेक्झिंग्टन एरवी शांत, झोपाळू उपनगर. पण एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकींच्या स्मरणदिनी, अख्खं गाव पहाटे चारला उठतं. गारठ्यात कानटोप्या घातलेली माणसं बॅटल ग्रीनच्या कडेला दाटीवाटीने उभी राहतात. मुरलेले गावकरी घरून घडीची शिडी आणतात आणि पोरांना तिच्यावर चढवतात. आम्हीही पुढे तेच करू लागलो.

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे याच हिरवळीवर ब्रिटिश पलटणीपुढे कॅप्टन जॉन पार्करची जेमतेम ७७ माणसं उभी राहिली. ब्रिटिश सैन्य येतंय ही खबर पॉल रिव्हिअर मध्यरात्री घोड्यावरून देऊन गेला होता. मग बरेच जण समोरच्या बकमन टॅव्हर्नमध्ये वाट बघत बसले. पहिली गोळी कुणाची, यावर आजतागायत एकमत नाही. लढाई म्हणावी इतका वेळ ती चाललीही नाही, पण गावाच्या बाजूची ८ माणसं गेली. जोनाथन हॅरिंग्टन जखमी होऊन सरपटत आपल्या घराच्या दारापर्यंत पोचला आणि तिथेच गेला, असं गाव सांगतं. प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलामीतला कृष्णवर्णीयही त्याच रांगेत होता, तोही जखमी झाला. मला पार्करपेक्षा त्याच्याबद्दल जास्त कुतूहल वाटतं.

हे सगळं दर वर्षी साकारतात ती गावातलीच हौशी माणसं. प्रत्येकाला त्या रांगेतलं एकेक खरं नाव वाटून दिलेलं. आधी रंगीत तालीम होते, बायका शाली पांघरून पडलेल्यांकडे धावत जातात, बंदुकीच्या धुराचा वास नाकात बसतो. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दर वर्षी मरायचे. "मरायचं काही नाही, पण गवतावरचं दंव पाठीत शिरतं," ही त्यांची कायमची तक्रार. मेल्यावर तासाभरात ते चर्चच्या हॉलमध्ये पॅनकेक वाढताना दिसायचे. दुपारी मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर मिरवणूक, बँड, आणि सकाळपासून जागी पोरं बाबांच्या खांद्यावर झोपलेली.

याच दिवसांत आमच्या मंडळाचा पाडवा असायचा. पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला हे पंचांगापुरतं. मंडळाचा पाडवा शाळेचं सभागृह रिकामं असेल त्या शनिवारी. उदबत्ती लावायची नाही, नाहीतर फायर अलार्म वाजणार, म्हणून निरांजनही बॅटरीचं. गुढीची काठी बागकामाच्या दुकानातला बांबू, साखरेच्या गाठी कुणाच्या तरी सासूबाईंनी पुण्याहून बॅगेत आणलेल्या. श्रीखंडाचा चक्का चार घरांत वाटून टांगलेला, त्यामुळे प्रत्येक पातेल्याची चव वेगळी. सुट्टीला जोडून कार्यक्रम आला की निम्मी मंडळी फ्लोरिडाला पळालेली, आणि उरलेल्यांना श्रीखंड दोन-दोनदा. दहाच्या ठोक्याला हॉल झाडून रिकामा द्यायचा. खुर्च्या उचलताना जी मैत्री झाली ती पहिल्या रांगेत बसून झाली नसती.

दर वर्षी मरणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही एकदा पाडव्याला आग्रहाने बोलावलं. त्यांनी श्रीखंड-पुरी मनापासून खाल्ली. चहाच्या वेळी मात्र सांगितलं की, ब्रिटिशांच्या चहावरच्या कराच्या निषेधात बोस्टन बंदरातला चहा पाण्यात पडला त्याच्या तीन दिवस आधी, १३ डिसेंबर १७७३ ला, लेक्झिंग्टनकरांनी आपला चहा गोळा करून जाळला होता. आमच्या काकू म्हणाल्या, "जाळला? अहो, भांडण राजाशी होतं ना, चहाने काय घोडं मारलं होतं?"

मग मुलांचा अफझलखानवधाचा प्रवेश झाला. अमेरिकी वळणाच्या मराठीत शिवाजी महाराज जोरात बोलले, वाघनखं पुठ्ठ्याची असली तरी चमकली. गृहस्थ एखाद्या परीक्षकासारखे टक लावून बघत होते. पडदा पडल्यावर म्हणाले, "सगळं छान. फक्त तुमचा खान मरताना फार घाई करतो."

पुढच्या वर्षी तालमीला ते आपणहून आले. गुडघा आधी, मग खांदा, डोकं शेवटी, असं आमच्या दहा वर्षांच्या खानाला त्यांनी पडायला शिकवलं. प्रयोगात खान इतका रंगून मेला की महाराजांपेक्षा त्यालाच जास्त टाळ्या पडल्या. हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत निघाला आणि बराच वेळ चालला.