कंट्रोलचा गहू थांबला तेव्हा

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. 2022 च्या पावसाळ्यात पिशव्या घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाले, "तुमच्या कार्डावर गहू आलाच नाई भाऊ, पुढच्या महिन्यात पाहा." पुढच्या महिन्यातही आला नाही. मग तांदूळही थांबला.

आमचं कार्ड केशरी. वऱ्हाडात तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून माणशी 5 किलो धान्य मिळायचं. गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये. घरात पाच माणसं, म्हणजे 25 किलो धान्य पाऊणशे रुपयांच्या आत. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, तेव्हा याच धान्यावर घर चालायचं.

ते का थांबलं, हे समजायला मला बरेच दिवस लागले. ज्यांचं नाव 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे, त्यांचं धान्य सुरूच राहिलं, 2023 पासून तर मोफत झालं. आमची योजना त्या कायद्याबाहेरची. केंद्राने अशा योजनांसाठी गहू-तांदूळ देणं थांबवलं आणि आमचा हिस्सा संपला. शेजारच्या घरी पोतं येत होतं, आमच्या घरी नाही. शेती दोघांची सारखीच.

राज्य सरकारने जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये द्यायचं ठरवलं. पैसे घरातल्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येणार होते, म्हणजे आईच्या. आईचं खातं होतं, पण कित्येक वर्षं त्यात व्यवहार नसल्यामुळे ते बंद पडलेलं. बँकेत गेलो तर केवायसी करा म्हणाले. आधार आणि फोटो घेऊन परत गेलो, तर आईचा अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर निंदण आणि कापूस वेचणी केलेली बोटं ती, रेषा कुठून राहणार? तिसऱ्या खेपेला तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने आईची बोटं पुसली, एकेक बोट लावून पाहिलं, "घाबरू नका मावशी" म्हणाली. मधलं बोट लागलं.

खातं सुरू झालं, तर या पैशांसाठी केलेला अर्ज परत आला. रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' होतं, आधारवर नव्हतं. त्या एका शब्दासाठी तालुक्याला दोन चकरा, दोन दिवसांची मजुरी गेली. शेवटी पुरवठा विभागात नवा अर्ज, कार्डाची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान आणि सगळ्यांचे आधार असं एकत्र दिलं आणि पोच मागून घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. शिवाय नुसतं खातं असून भागत नाही, त्याला आधार जोडलेला आहे ना, हे बँकेत विचारून घ्या. आमच्या गल्लीतल्या दोघींचे पैसे एवढ्यासाठीच अडकले होते.

पहिले पैसे आले ते तीन महिन्यांचे एकदम, 2250 रुपये. आईने पासबुक दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "याच्यात किती गहू येते रे?" मी हिशेब केला. 5 किलोला 150 म्हणजे किलोला 30 रुपये. गावच्या दुकानात तेव्हा गहू 32 आणि तांदूळ 40 च्या आसपास होता. त्यात पैसे येईपर्यंत तीन महिने उधारीवर काढलेले, त्यामुळे निम्मे पैसे किराणा दुकानातच गेले. धान्य घरात आलं की ते खाल्लंच जातं. पैसा आला की त्याला औषध, बियाणं, व्याज अशा दहा वाटा फुटतात.

जून 2024 पासून माणशी 170 झाले. 20 रुपये वाढायला दीड वर्ष लागलं. भाव वाढला म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही, ती कुणीतरी ठरवावी लागते. आणि जे कायद्यात नाही, ते उद्या तरतूद कमी पडली तर एका आदेशाने कमीही होऊ शकतं. मला खरी धास्ती याचीच आहे.

म्हणून प्राधान्य कुटुंबात, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत, नाव घ्यावं, असाही अर्ज केला. ग्रामीण भागात त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 44,000 च्या आत लागतं. तलाठ्याकडून अहवाल, सेतूतून दाखला, सगळं जोडलं. उत्तर आलं, इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांची संख्या, शिल्लक नाही. राज्याचा इष्टांक 7 कोटी 16 हजार माणसांचा, तोही 2011 च्या जनगणनेवरून ठरलेला. त्यानंतर जन्मलेली माझी दोन्ही मुलं त्या मोजणीत नाहीत. जुनी नावं कमी झाली तरच नवी जागा. अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायला ठराव लिहून ठेवला आहे: रक्कम बाजारभावाप्रमाणे दरवर्षी वाढवा आणि दर महिन्याला द्या, नाहीतर आमचं धान्य परत सुरू करा. ठरावाची एक प्रत अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आमदारांकडे द्यायची आहे. आतापर्यंत 43 सह्या झाल्या. आईने त्याच मधल्या बोटाचा ठसा दिला.