आमची वाटचाल : ‘पॉइंट थ्री’चा जॉइंट

दापोलीत आम्ही दोघा भावांनी केबल टीव्हीच्या वायरी ओढून धंदा सुरू केला. फायबरकडे वळलो ते 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर. माडपोफळींबरोबर खांबही आडवे. हर्णै-मुरुडच्या बाजूला दिवसचे दिवस तुटलेल्या केबली जोडत होतो. कर्ज काढून स्प्लायसर, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडणारं मशीन, घेतला. हात बसायला मात्र वेळ लागला.

पहिला दणका बसला एका ठेकेदाराच्या कामात. रस्त्याची केबल जी.652डी जातीची, नेहमीची; वाडीत नेलेली अर्ध्या किलोमीटरची जी.657ए2, वळणं सोसणारी. क्लॅडिंग, म्हणजे गाभ्याभोवतीची काच, दोन्हींचं 125 मायक्रॉन व्यासाचं. जॉइंटमधला प्रकाशाचा लॉस स्प्लायसर म्हणतो 0.02 डीबी (डेसिबल), आणि वाडीतून लावलेला ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉस मोजणारं यंत्र, त्याच जॉइंटला दाखवतो 0.31! तीनदा तोडून जोडला, आकडा हलेना. बिल अडलं.

शेवटी धाकटा ओटीडीआर घेऊन रस्त्याच्या टोकाला गेला. तिथून तोच जॉइंट उणे 0.27. म्हणजे जोडात प्रकाश वाढला? वाढेल कुठून! 1310 नॅनोमीटरला 652 मध्ये प्रकाशाचा झोत साधारण 9.2 मायक्रॉन रुंद, 657ए2 मध्ये 8.6 च्या आसपास. बारीक झोताची फायबर जास्त प्रकाश माघारी धाडते, आणि ओटीडीआर मोजतो तो हा माघारी आलेलाच. म्हणून एका बाजूने खोटा लॉस, दुसऱ्या बाजूने खोटी कमाई. दोन्हींची सरासरी 0.02. स्प्लायसर खरं बोलत होता.

खरं नुकसान मल्टिमोडमध्ये, म्हणजे जाड गाभ्याच्या फायबरमध्ये, होतं. एका लॉजच्या कॅमेऱ्यांना 62.5 मायक्रॉन गाभ्याची जुनी केबल होती, पुढे कुणीतरी 50 ची जोडलेली. 50 मधून 62.5 मध्ये प्रकाश सुखाने जातो. उलट जाताना चार डीबीपर्यंत सांडू शकतो. तिथे स्प्लायसिंगची करामत चालत नाही, केबल बदलावीच लागते. मालकाला हे पटवण्यात दुपार गेली.

बाकी आमची कटकट खाऱ्या दमट हवेची. साइटवर पोचलो की आधी आर्क कॅलिब्रेशन, म्हणजे वितळवणारी ठिणगी तिथल्या हवेप्रमाणे जुळवणं, मग चहा. क्लीव्हचा, म्हणजे कापलेल्या टोकाचा, कोन अर्ध्या अंशावर गेला की तुकडा फेकायचा. मशीन चालवून घेतं, आम्ही घेत नाही.

ठेकेदाराने बिल दिलं, पण दोन्ही टोकांचे ट्रेस, म्हणजे ओटीडीआरचे आलेख, बिलाला जोडायला लावले. आता ते सगळ्यांनाच देतो. त्यासाठी धाकट्याला बाइकवरून दुसऱ्या टोकाला पिटाळावं लागतं. पेट्रोल दरातच धरलंय.